डाव्या चाकाचं बेअरिंग

माझ्या लग्नाला आप्पा आले होते, पण जेवले नव्हते. अक्षता टाकल्या, सासरच्या मांडवाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले आणि शेवटची बस चुकेल म्हणून निघाले. तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर होतं. शेवटच्या बसला अजून केवढा अवकाश आहे हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील, येळ्ळूरचे. घरची भातशेती आणि बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटरची नोकरी, दोन्ही त्यांनी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. तरुणपणी सीमाप्रश्नाच्या मोर्चांत ते पुढे असायचे, लाठ्याही खाल्ल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं होतं की आपल्या घरात कन्नड बोलायचं नाही. कारखान्यात शेजारच्या मशीनवरचे निम्मे लोक कन्नड बोलणारे, त्यांच्याशी दिवसभर कन्नडच चालायचं. पण गाडी अंगणात टेकवली की तो विषय संपला.

आणि मी लग्न केलं ते गोकाककडच्या कन्नड घरात. आम्ही दोघं एकाच ऑफिसात कामाला होतो, तिथली ओळख. आप्पांनी अडवलं नाही. "शिकल्याली हाईस, तुझं तू बघ," एवढं म्हणाले आणि शेताकडं गेले. त्यानंतर ते माझ्या सासरी कधी आले नाहीत. माझे सासरेही येळ्ळूरला आले नाहीत. त्यांचाही ताठा काही कमी नव्हता. ज्या व्याह्यानं आपल्या दारात जेवण नाकारलं त्याच्या दारात आपण होऊन कशाला जायचं, असं ते सासूबाईंना म्हणाल्याचं मला माहीत होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांची सगळी उमर मालाच्या गाड्या चालवण्यात गेली. गूळ, कांदा, मका, सिमेंट, जे मिळेल ते भरून हुबळीपासून कोल्हापूरपर्यंत ते फिरले. आता स्वतःचा एक जुना पिकअप आहे आणि गोठ्यात म्हशी आहेत.

दोन्ही घरांचा धागा धरून होत्या त्या बायका. माझी आई चंदगडकडची, तिला कन्नड येत नाही. सासूबाईंना मराठी कळतं थोडं, बोलता येत नाही. तरी दोघी फोनवर चेहरा दाखवून तासन्‌तास बोलायच्या. एक आपल्या भाषेत सांगायची, दुसरी आपल्या भाषेत उत्तर द्यायची आणि मधे हसायच्या. त्यांचं एकमेकींना किती कळायचं देव जाणे. पण गेल्या वर्षी सुगी सरल्यावर ह्या दोघींनीच परस्पर ठरवून टाकलं की आमच्याकडं म्हशींना वैरण कमी आहे, सगळ्या रानांत ऊस झाल्यामुळं कडबा मिळत नाही, आणि येळ्ळूरला मळणीनंतर भाताचं पिंजर ढिगानं पडून आहे, तर पिकअप पाठवून ते घेऊन जावं.

माझ्या नवऱ्याला रजा मिळेना. तो आता साखर कारखान्यात आहे आणि गळीत हंगाम जोरात होता. म्हणून एका रविवारी सकाळी मामा आणि मी निघालो. मामा येतायत हे आईनं आप्पांना सांगितलं होतं की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. विचारायची माझी छाती झाली नाही.

हायवेला लागलो आणि यमकनमर्डीच्या पुढं मामांनी काच खाली केली. कान बाहेर देऊन ऐकू लागले.

"एन सप्पळ बराकत्तैति?" ते म्हणाले. कसला आवाज येतोय?

मला आधी काही ऐकू आलं नाही. मग लक्षात आलं, खालून एक घुंघुं येत होती, दूरवर कुणी जातं फिरवत असावं तशी. वेग वाढला की ती वाढायची. उजवीकडं वळण आलं की जास्त, डावीकडं वळलं की जवळजवळ बंद. मामांनी दोनचार वळणं मुद्दाम ऐकली आणि म्हणाले, पुढचं डावं चाक, बेअरिंग चाललंय. मग वेग कमी करून, इतर गाड्यांना पुढं जाऊ देत आम्ही बेळगावात शिरलो. वडगावच्या गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंच्या यंत्रमागांच्या खटखटीत तो आवाज बुडून गेला आणि मला वाटलं, बरं झालं, थांबलं. गाव संपून येळ्ळूरचा रस्ता लागला तसा तो परत वर आला. आता त्यात खरखरही मिसळली होती.

अंगणात गाडी थांबली तेव्हा आप्पा पिंजराच्या गंजीपाशी दोर सोडवत उभे होते. म्हणजे आईनं सांगितलेलं होतं. मामा उतरले, हात जोडले. आप्पांनीही जोडले.

"या पावणं," आप्पा म्हणाले.

"बंदेरी बीगरे," मामा म्हणाले. आलो, व्याहीबुवा.

आणि इथं माझं काम सुरू झालं. आप्पा मराठीत बोलायचे, माझ्याकडं बघून. मामा कन्नडमध्ये बोलायचे, तेही माझ्याकडं बघून. मी इकडचं तिकडं करायची. खरं तर त्याची काडीची गरज नव्हती. आप्पांना कन्नड उत्तम येत होतं आणि कोल्हापूरच्या मार्केटात आयुष्य काढलेल्या मामांना मराठीतल्या शिव्यासुद्धा येत होत्या. हे मला माहीत होतं, आणि त्या दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत असावं. पण कुणीच एक पाऊल पुढं टाकायला तयार नव्हतं.

"त्यास्नी विचार, च्या घेणार का सरबत."

"आप्पा विचारतायत, चहा की सरबत."

"चहा चालेल म्हणून सांग. आणि म्हणावं, चाक खोलायचंय, अंगणात जागा मिळेल का."

आप्पांनी मी सांगायची वाट न बघता अंगणातली जागा दाखवली. मग आपल्याला कळलं हे उघड झालं म्हणून जरा खोकले आणि मला म्हणाले, "काय म्हणत्यात ते?"

मामांनी सीटखालून जॅक आणि पाने काढले. मागच्या चाकांना दगड लावले. आप्पा गंजीकडं परत गेले, पण त्यांची नजर सगळी इकडं. फिटर माणूस. चाक वर उचललं गेल्यावर मामांनी ते वरखाली धरून हलवलं आणि खटखट असा सैलपणा आला, तसे आप्पा हातातला दोर टाकून जवळ आले. चाक निघालं, ब्रेकचा भाग सोडवला. तो नळीवर लोंबकळू नये म्हणून आप्पांनीच कुठूनशी तार आणून वर बांधून ठेवला. मामांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, मान हलवली. मधल्या टोपीवर बारीक बारीक ठोके दिले, ती सुटली. आतली पिन सरळ करून ओढली, नट फिरवला आणि चाकाचा मधला गाभा, म्हणजे हब, पूर्ण हातात आलं.

ग्रीस काळं पडून वाळून गेलं होतं. आप्पांनी परसातून डब्यात डिझेल आणलं, मामांनी बेअरिंग त्यात धुतलं आणि दोघं उन्हाकडं धरून बघायला लागले. बाहेरच्या बेअरिंगच्या गोल फिरणाऱ्या रोळांवर निळसर झाक आली होती, बोटानं चाचपलं तर खड्डे लागायचे. आतल्या बेअरिंगची तीच गत. ही नुसतं ग्रीस भरून चालणारी नव्हती. दोन्ही बदलायला पाहिजेत, आणि हबमध्ये घट्ट बसलेल्या त्यांच्या बाहेरच्या कड्या, म्हणजे कपही.

"आज रविवार. दुकानं बंद," मामा माझ्याकडं बघून म्हणाले.

"त्यास्नी सांग, खडेबाजारच्या मागं एक दुकान हाय, मालक वरच ऱ्हातोय. हाक मारली की उघडतोय," आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले. मग जुनी बेअरिंगं फडक्यात गुंडाळून त्यांनी मोटरसायकलला किक मारली. आणि मागची सीट हातानं पुसून म्हणाले, "बसा म्हणावं."

मी काही सांगायच्या आधीच मामा बसले.

ते दोघं गेले आणि मी आईकडं बघितलं. आई तांदळाच्या भाकरी थापत होती. "आता तिथं त्यांच्यात बोलणार कोण?" ती म्हणाली. मला त्याचाच घोर लागला होता. मधे कुणी नाही, भाषांतर करायला मी नाही, मोटरसायकलवर एकामागं एक बसलेले दोन हट्टी म्हातारे. मी उगाच दोनतीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले.

भाकरी होऊन, आमटीला फोडणी पडूनही ते येईनात. आले तेव्हा आधी त्यांचा आवाज आला. मोटरसायकलच्या आवाजावर ओरडून आप्पा बोलत होते आणि मागून मामा त्याहून मोठ्यानं. मला वाटलं, भांडण. मी धावत गेले. भांडण नव्हतं. निपाणीच्या तंबाखूच्या दिवसांत कुठल्या वळणावर गाड्या अडकून पडायच्या, ते मामा सांगत होते आणि ते वळण घाटाच्या अलीकडं का पलीकडं यावर वाद चालला होता. मामा मराठीत बोलत होते. तोडकंमोडकं नव्हे, फर्मास कोल्हापुरी.

"न्हाय वो बीगरे, मी त्या वळणावर दोन रात्री काढल्यात!"

"आवं, पण पूल त्या अंगाला हाय!"

मला बघून दोघं गप्प झाले. मामांनी एकदम कन्नड सुरू केलं, "सामान मिळालं म्हणून सांग आप्पांना." मी मान खाली घालून सांगितलं. आप्पा स्वतःच ते सामान हातात घेऊन उभे होते.

मग काम जोरात सुरू झालं. हबमधले जुने कप बोथट छिन्नीनं ठोकून काढले. मामा ठोकायचे, आप्पा हब फिरवत राहायचे म्हणजे कप वाकडा होऊन अडकू नये. नवे कप बसवताना आप्पांनी हातोडा मागून घेतला. कारखान्यात त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. कडेकडेनं ठोका देत, आवाज ऐकत त्यांनी कप तळाला टेकवले. टेकल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो, तो मलाही ऐकू आला.

ग्रीस भरणं मामांनी शिकवावं म्हणून मी हात पुढं केला. तळहातावर लोण्यासारखा ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कडा त्यात दाबत राहायचं, इतकं की रोळांच्या फटींतून ग्रीस वर उमलून आलं पाहिजे. नुसतं वरून फासलं तर आत कोरडंच राहतं. माझ्या हातून ते एका जागी उमललं तेव्हा मामा म्हणाले, "हौद, हौद," म्हणजे बरोबर, आणि बाकीचं माझ्याकडंच दिलं. मी आतल्या बेअरिंगला भरलं, ते बसवून वरून सील बसवलं. दोन्ही मनगटांपर्यंत काळीपिवळी झाले होते.

हब परत आसावर चढवताना एक गंमत झाली. हब जड. मामांनी ते उचलून आत सारलं, बाहेरचं बेअरिंग लावायला एक हात सोडला आणि हब घसरलं. ग्रीसनं माखलेलं, कुठं पकड मिळेना. आप्पा झेपावले आणि दोन्ही हातांनी खालून धरलं.

"हिडीरी, हिडीरी!" आप्पा ओरडले. "बिडब्याड्री!"

धरा, सोडू नका. खणखणीत कन्नड, आमच्या अंगणात. चुलीपुढून आई उठून दाराशी आली. आप्पांच्या लक्षातही आलं नव्हतं. मशीनपाशी जड वस्तू घसरली की त्यांच्या तोंडून आयुष्यभर जे निघालं तेच निघालं होतं. मामांनी बेअरिंग सारलं, वॉशर लावला, नट दोन आटे फिरवला आणि मग दोघांनी श्वास सोडला. मामा हसले नाहीत. फक्त पुढचं जे बोलले ते आप्पांकडं बघून बोलले, माझ्याकडं नाही.

तिथून माझं काम संपलं. नट आवळण्यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. मामा पाना लावून म्हणत होते, "बिगि, इन्ना बिगि," म्हणजे घट्ट, अजून घट्ट. आईला वाटलं पाहुणे बिगीबिगी चहा मागतायत. ती आत पळाली.

"लई आवळलं तर जळंल ते," आप्पा म्हणाले. "चाक फिरवत आवळा, मग थोडं सोडा, आनि बोटानं बसंल एवढंच ठेवा."

"बीगरे, माल भरल्यावर सैल चाक रस्त्यावर नाचतंय. मी बघितलंय."

"आनि मी जळल्यालं बेअरिंग बघितलंय. टेबलावर आणून ठेवायचे माझ्याम्होरं."

शेवटी मामांनी आवळलं, आप्पांनी सोडलं, मामांनी परत थोडं आवळलं, आणि दोघांनी आळीपाळीनं चाक फिरवून कान लावला. नट पिनच्या भोकाशी जुळला तिथं दोघांचं एकमत झालं. किंवा दोघं दमले. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि लक्षात आलं की कुणाचेच हात कपाला लावण्यासारखे नाहीत. आईनं मामांच्या तोंडाशी कप धरला. मामा लाजले, पण प्यायले. मग तिनं आप्पांच्या तोंडाशी धरला. आप्पा म्हणाले, "मला काय लहान पोर समजलीस?" आणि तेही प्यायले. मामा हसत सुटले, ठसका लागेपर्यंत.

जेवायला पानं शेजारी शेजारी मांडली होती. मामा पानावर बसले आणि क्षणभर थांबले. मला कळलं ते कशाची आठवण करतायत. आप्पांनाही कळलं असावं. त्यांनी आपल्या हातानं मामांच्या ताटात भाकरी वाढली, नंतर आमटी, नंतर परत भाकरी, मामा नको नको म्हणत असताना.

"त्या दिशी मी न जेवता आलतो," आप्पा ताटाकडं बघत म्हणाले. "ते बरं झालं न्हाय."

मामांनी घास गिळला. "बस चुकली असती की तुमची," ते म्हणाले.

आप्पांनी वर बघितलं. मग दोघंही हसायला लागले आणि आई पदर तोंडाला लावून आत गेली.

दुपार कलताना पिंजर भरलं. पिकअपच्या दीडपट उंचीचा भारा झाला, दोर आवळले. सासूबाईंनी पाठवलेल्या करदंट मिठाईच्या डब्यात आईनं नवा तांदूळ भरून दिला. आम्ही निघालो तर मागून मोटरसायकल. आप्पा आमच्या मागं येत होते.

वडगावात माझ्या आत्याच्या दाराशी त्यांनी हात करून थांबवलं. उतरून चाकाच्या मधोमध हात ठेवला. मामाही उतरले, त्यांनीही ठेवला.

"थंड हाय," मामा म्हणाले.

"एवढ्यात कळत न्हाय. भार घेऊन पळाय पायजे. काकतीला परत बघा."

"मग तुम्हीच चला की काकतीपर्यंत. माझ्या हातावर तुमचा विश्वास न्हाय तर."

आप्पांनी थोडा विचार केला आणि मोटरसायकल आत्याच्या अंगणात लावली. केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो, मी मधे. शहर ओलांडलं. उजवीकडं वळण आलं की आम्ही तिघंही बोलणं थांबवून ऐकायचो. टायरचा आवाज, वाऱ्यानं सळसळणारं पिंजर, बाकी काही नाही. काकतीला परत हात लावून बघितला. कोमट. ब्रेकमुळं होतं तेवढं. आप्पांचं समाधान झालं. आता त्यांनी उतरून बेळगावची बस धरायची होती.

मामा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, "मनीगे बर्री." घरी चला.

"ह्या कपड्यावर?" आप्पांनी शर्ट दाखवला. पोटावर ग्रीसचे दोन्ही पंजे उमटलेले.

"माझा घाला."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मामांच्या बाजूला सरकून त्यांना जागा केली. सकाळी दोघांचं बोलणं मी इकडून तिकडं केलं होतं, पण आता त्याची गरज नव्हती. आप्पांनी खिशातून फोन काढून आईला लावला. "मी जरा ह्यांच्याकडं जाऊन येतो," म्हणाले, आणि तिकडून आई काय बोलली ते ऐकून घेत दार ओढून लावलं.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. सासूबाई दाराशी आल्या, आप्पांना बघितलं आणि आधी त्यांना खरंच वाटेना. मग पाण्याचा तांब्या आणायला आत वळल्या, नि वळता वळता मुलाला हाका मारू लागल्या. कारखान्यातून नुकताच आलेला माझा नवरा तसाच बाहेर आला आणि आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. चाक चाचपताना परत काळ्या झालेल्या तळहाताचा डाग त्याच्या शर्टावर उतरला. तो मी नंतर कितीही घासला तरी पुरता गेला नाही, आणि मीही फार घासला नाही.

आप्पा उद्या जातो उद्या जातो म्हणत राहिले. मामांचा शर्ट त्यांना आखूड व्हायचा. गोठ्यात उभं राहून म्हशी भाताचं पिंजर खातात का ते दोघं बघायचे. पहिल्या दिवशी म्हशींनी नुसतं हुंगलं, दुसऱ्या दिवशी खायला लागल्या, आणि आप्पांना आपण परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. त्या सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर अंगणात जॅक लावलेला. उजवं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि दोघं हबवर वाकून बसले होते.

"ह्याला काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय," आप्पा म्हणाले. "खोलून बघायला काय हरकत हाय?"